मेळघाटचें पाणी व वऱ्हाडचे दुष्काळ

वऱ्हाडच्या इतिहासावर आजवर जें लिहिलें गेलें आहे त्यांत दुष्काळाचा उल्लेख वारंवार येतो. परंतु तो दुष्काळ बहुतेक पायनघाटाचा असतो. अकोला, अमरावती, अचलपूर, बाळापूर येथील कागद पायनघाटांतले, कमाविसदार, देशमुख, देशपांडे पायनघाटांतले, आणि पुढें इंग्रजी अमलांत जे अहवाल लिहिले गेले त्यांचीं ठाणींहि पायनघाटांतलींच. उत्तरेस जो गाविलगडचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे, त्याच्यावर व त्याच्या पलीकडे काय झालें हें त्या कागदांत क्वचित्‌च येतें. यामुळें एक समज आपल्याकडे रूढ झाला आहे. तो असा कीं, दुष्काळ सपाटीला पडतो. डोंगरांत पाऊस दुप्पट, नद्यांचे उगम तेथेंच, तेव्हां मेळघाटांत दुष्काळ कसा असेल? हा समज कितपत टिकतो याची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम उगमांची व्यवस्था ध्यानीं आणली पाहिजे. तापीचा उगम बैतूल जिल्ह्यांतील मुलताई येथें, समुद्रसपाटीपासून सुमारें ७५० मीटर उंचीवर. मुलताई हा मूलतापी या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश आहे हें उघड आहे. त्याच पठाराच्या अंगाला वर्धा उगम पावते. म्हणजे एकाच मुलखावर पडलेल्या पावसाचा कांहीं भाग सुरतेकडून पश्चिमसमुद्रास व कांहीं भाग गोदावरीच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जातो. हीच वर्धा म्हणजे कालिदासाची वरदा. मालविकाग्निमित्रांत यज्ञसेन व माधवसेन यांच्यांत विदर्भाचे दोन भाग पाडले ते या नदीच्या दोन तीरांवर. पूर्णा त्याच बैतूल जिल्ह्यांत भैंसदेहीजवळ निघून दक्षिणेस वऱ्हाडांत उतरते व मग पश्चिमेस वळून अमरावती, अकोला, बुलढाणा हे जिल्हे ओलांडीत चांगदेवापाशीं तापीस मिळते. गाविलगडच्या कण्यावरून दक्षिणेस उतरणाऱ्या चंद्रभागा, शहानूर, सापन या नद्या पूर्णेच्या, व उत्तरेस उतरणाऱ्या सिपना, खापरा, खंडू, गडगा या तापीच्या. चिखलदऱ्याच्या पठाराची उंची सुमारें १११८ मीटर, वैराटची त्याहूनहि अधिक. हिमालयाच्या मानानें ही उंची कांहींच नव्हे. पण वऱ्हाडच्या काळ्या सपाटीवरून पाहणाऱ्याला दुसरी उंची ठाऊक नाहीं, आणि त्या सपाटीला उत्तरेकडून मिळणारें पाणी याच उंचीवरून येतें.

पूर्णा म्हणजेच पुराणांतली पयोष्णी असें आमच्याकडे परंपरेनें मानतात. या अभिज्ञानावर एक आक्षेप आहे, आणि तो प्रस्तुत विषयास सोडून नाहीं. वनपर्वांत नल दमयंतीला वाटा दाखवितो तेथें विंध्याच्या जोडीनें पयोष्णीचा निर्देश येतो व तिला समुद्राकडे जाणारी असें विशेषण दिलें आहे. पूर्णा तर समुद्रापर्यंत जात नाहीं. ती तापीस मिळते. यावरून कित्येक विद्वानांनीं पयोष्णी म्हणजे तापीच असें ठरविलें. परंतु पुराणांच्या नदीसूचींत तापी व पयोष्णी हीं दोन नांवें शेजारीं शेजारीं वेगळीं आलीं आहेत, आणि त्याच वनपर्वांत पांडवांच्या तीर्थयात्रेंत पयोष्णीचा संबंध विदर्भराजाशीं जोडला आहे. आमच्या मतें येथें भूगोलाची मदत घ्यावी. चांगदेवाच्या संगमापाशीं दोन्ही नद्यांच्या पाणलोटाचें क्षेत्र मोजलें तर पूर्णेचें क्षेत्र तापीच्या क्षेत्राहून बरेंच मोठें भरतें. संगमाखालच्या प्रवाहाला तापी म्हणावें कीं पूर्णा म्हणावें हा केवळ रूढीचा प्रश्न आहे. विदर्भांतून पाहणाऱ्याला आपलीच नदी समुद्रास जाते असें वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं. तेव्हां त्या एका विशेषणावरून पूर्णेचा हक्क काढून घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

आतां पावसाकडे वळूं. आपल्या प्राचीनांना पाऊस मोजण्याची कला अवगत होती. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत पर्जन्याच्या गर्भधारणेपासून वृष्टिमापनापर्यंत स्वतंत्र अध्याय दिले असून एक हात रुंदीच्या कुंडानें पाऊस मोजून तो आढक-द्रोणांत सांगावा असें म्हटलें आहे. त्याच्याहि पूर्वीं कौटिल्यानें सीताध्यक्षाच्या प्रकरणांत देशपरत्वें वर्षमान दिलें आहे: जांगल देशास सोळा द्रोण, अनूपास त्याच्या दीडपट, अवंतीस तेवीस. अश्मकाचा आंकडा ‘अर्धत्रयोदश’ या शब्दानें दिला आहे. शामशास्त्र्यांनीं आपल्या इंग्रजी भाषांतरांत तो साडेतेरा असा घेतला. परंतु अर्धतृतीय म्हणजे अडीच, अर्धचतुर्थ म्हणजे साडेतीन हा संस्कृताचा नित्य व्यवहार आहे. त्या न्यायानें अर्धत्रयोदश म्हणजे साडेबारा होतात. शाळेंतल्या मुलासहि हा समास सोडवितां यावा. पण मोठ्या ग्रंथांतून एकदां छापलेला आंकडा पुढच्या ग्रंथांत तसाच उतरत जातो, म्हणून हें येथें नमूद केलें. विदर्भाचें नांव कौटिल्यानें घेतलेलें नाहीं. अश्मक व अवंती यांच्या मधोमध आपला देश येतो, आणि साडेबारा व तेवीस यांतलें अंतर पाहतां त्या दोहोंमध्यें पावसाचें मान किती झपाट्यानें बदलतें असें ग्रंथकारास वाटत होतें तें दिसतें.

या सूत्रांतील शेवटचा भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. अपरान्त म्हणजे कोंकण व हैमन्य म्हणजे हिमाचे डोंगराळ प्रदेश, यांचें वर्षमान कौटिल्य ‘अमित’ असें सांगतो. सपाटीचा पाऊस मोजावयाचा, डोंगराचा मोजावयाचाच नाहीं; तो अमर्याद धरावयाचा! राजाचा भाग ज्या शेतांतून यावयाचा तेथें मोजमाप, आणि जेथून कर फारसा येत नाहीं तेथें ‘अमित’ हा एक शब्द. आरंभीं सांगितलेला समज किती जुना आहे हें यावरून कळावें.

प्रत्यक्ष मान पाहिलें तर चिखलदऱ्यास वर्षाकाठीं सरासरी साठ इंचांहून अधिक पाऊस पडतो, अमरावती व अकोला येथें तीस इंचांच्या आसपास. म्हणजे दुप्पट हें खरें. परंतु हा सगळा पाऊस ज्येष्ठाच्या अखेरीपासून आश्विनापर्यंतच्या चार महिन्यांत पडतो आणि ज्या खडकावर पडतो तो काळा थराचा पाषाण. उतार उभे, माती पातळ, दऱ्या खोल. आषाढांत ज्या नाल्यांतून माणूस वाहून जावें, त्याच नाल्यांत फाल्गुनांत गुराला तोंड बुडविण्यापुरतें पाणी राहत नाहीं. कोरकू स्त्रिया उन्हाळ्यांत नदीच्या वाळूंत झिरे उकरून वाटीवाटीनें पाणी भरतात. पाऊस किती पडला व पाणी किती राहिलें हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ही गोष्ट जुन्या काळच्या बांधणारांना पक्की ठाऊक होती, व तिचा पुरावा कागदांत नसला तरी दगडांत आहे. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणें बहामनी सुलतान अहमदशहा वली हा एलिचपुरास सुमारें वर्षभर राहिला असतां त्यानें गाविलगड बांधविला व नरनाळ्याची दुरुस्ती केली. हा काळ इ. स. १४२५ च्या सुमाराचा. गवळी राजाची दंतकथा त्याहून जुनी आहे, आणि गडाच्या नांवावरून त्या जागीं गवळ्यांची कांहीं वस्ती आधीं असावी असें मानण्यास हरकत नाहीं. या दोन्ही किल्ल्यांवर फिरणाऱ्यास सर्वांत आधीं काय दिसतें? तट व दरवाजे दिसतात हें खरें, नरनाळ्याचा इ. स. १४८७ चा महाकाळी दरवाजा तर पाहतच राहावा असा आहे. पण त्याहून अधिक दिसतात तीं तळीं व टांकीं. पावसाचा थेंब गडाबाहेर जाऊं नये अशा रीतीनें उतार धरून बांधलेले बांध, खडकांत खोदलेलीं झांकलेलीं टांकीं. साठ इंचांच्या पावसांत राहणाऱ्यांनीं एवढा खटाटोप कां करावा? उत्तर एकच. वरच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आठ महिन्यांची तहान त्यांनीं हिशेबांत धरली होती.

अबुल फजलानें ऐने-अकबरींत गाविलविषयीं लिहितांना किल्ल्याच्या मजबुतीची वाखाणणी करून तेथील एका झऱ्याचा उल्लेख केला आहे. त्या झऱ्याच्या पाण्यांत पोलादी शस्त्रांना पाणी देत असत. सोळा सरकारांच्या सुभ्याचें वर्णन करतांना ज्या लेखकाला एका झऱ्यासाठीं वाक्य खर्चावेंसें वाटलें, त्याच्या कानीं त्या झऱ्याची ख्याति गेलीच असली पाहिजे. डोंगरमाथ्यावर बारमाही झरा ही सामान्य गोष्ट असती तर ती ख्याति झाली नसती. चिखलदऱ्यास देवीच्या गुहेंत खडकांतून सतत पाणी झिरपतें व तेथूनच चंद्रभागा निघते असें मानतात. तेथें देवीचें ठाणें आहे. असें ठाणें बहुधा दुर्मिळ पाण्यापाशीं बसतें.

अहमदशहाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट फिरिश्ता सांगतो. त्याच्या कारकीर्दीच्या आरंभीं अवर्षण पडलें असतां सुलतानानें स्वतः उघड्यावर जाऊन पावसासाठीं प्रार्थना केली, पाऊस आला, आणि त्यावरून लोक त्याला ‘वली’ म्हणूं लागले. ज्याला अवर्षणानें पदवी दिली त्यानेंच थोड्या वर्षांनीं गाविलगडावर तळीं बांधविलीं, असा संबंध जोडण्याचा मोह होतो. मोह होतो एवढेंच; तळ्यांपैकीं कोणतें कोणाच्या वेळचें हें ठरविणारा लेख हातीं आल्यावांचून असा संबंध जोडणें हें कथाकाराचें काम आहे, संशोधकाचें नव्हे. परंतु त्या काळीं दख्खनेंत अवर्षणाची भीति ताजी होती हें मात्र स्वतंत्र पुराव्यानें सिद्ध आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळाची परंपरा इ. स. १३९६ पासून १४०७ पर्यंतच्या बारा वर्षांची सांगतात. ही परंपरा अतिशयोक्तीची म्हणून पूर्वीं कित्येकांनीं बाजूस सारली होती. अलीकडे बस्तरकडील दंडक गुहेंतील चुनखडीच्या लवणस्तंभांचे थर तपासून शास्त्रज्ञांनीं मध्यभारताच्या पावसाची जी मालिका तयार केली, तींत चौदाव्या व पंधराव्या शतकांत पर्जन्य दीर्घकाळ क्षीण झाल्याचें दिसून आलें आहे. बारा वर्षें हा आंकडा शब्दशः घ्यावा असें यावरून होत नाहीं. पण लोकांची स्मृति पोकळ नव्हती, हें म्हणतां येतें.

खालच्या अंगाचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणजे चम्मकचा ताम्रपट. अचलपुराजवळच्या या गांवीं वाकाटक दुसरा प्रवरसेन याचें दानपत्र सांपडलें. त्यांत भोजकट राज्यांतील मधुनदीच्या तीरावरील चर्मांक हा गांव एक सहस्र ब्राह्मणांस दिल्याचें लिहिलें असून भूमीचें मान आठ सहस्र सांगितलें आहे. एका गांवावर एक सहस्र कुटुंबांचा योगक्षेम चालावा असें राजानें धरलें, यावरून ती भूमि कोणत्या प्रतीची असेल याचा तर्क करावा. डोंगराच्या पायथ्याशीं नद्या जेथें दऱ्यांतून बाहेर पडतात तेथें त्यांनीं वाहून आणलेल्या दगडगोट्यांचे व वाळूचे जाड थर आहेत. त्यांत पाणी मुरतें. अचलपूर, अंजनगांव, आकोट, तेल्हारा ही सगळी रांग याच पट्ट्यावर वा त्याच्या कडेला बसली आहे. अंजनगांव-सुर्जीचे पानमळे, अचलपूर-परतवाड्याकडचे संत्र्यांचे बाग हे याच मुरलेल्या पाण्याचे पुत्र. तेथून दहा-वीस मैल दक्षिणेस गेलें कीं पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. विहीर खणावी तर पाणी खारें निघतें, आणि दहिहांड्याकडे तर पूर्वीं अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ करीत. मधुनदी हें नांव ज्यानें ठेवलें त्यानें खालचें पाणी चाखून ठेवलें कीं काय असा विनोद कोणी केल्यास आम्ही रागावणार नाहीं. पण मधु हें विशेषण नद्यांना सर्वत्र लावतात, एवढें ध्यानांत असावें.

पायथ्याच्या या पाण्याचा उपयोग मोंगलांनीं किती कुशलतेनें केला तें सातपुड्याच्याच पश्चिम अंगास बऱ्हाणपुरीं दिसतें. अब्दुल रहीम खानखानानाच्या वेळीं, इ. स. १६१५ च्या सुमारास, डोंगरपायथ्याचें मुरलेलें पाणी जमिनीखालच्या बोगद्यानें व कुंड्यांच्या रांगेनें शहरांत आणलें. त्यास कुंडी भंडारा म्हणतात. पुढें पंधरा-सोळा वर्षांतच इ. स. १६३०-३२ चा महादुष्काळ दख्खन व गुजराथ यांवर कोसळला, आणि त्या वेळीं शहाजहानची छावणी बऱ्हाणपुरासच होती. नदी आटली तरी कुंड्या चालाव्यात, हें त्या कामाचें मर्म.

इ. स. १८०३ चा प्रसंग सर्वांस परिचित आहे. २९ नोव्हेंबरास अडगांवची लढाई, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, १७ डिसेंबरास देवगांवचा तह, ३० डिसेंबरास सुर्जी-अंजनगांवचा. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. किल्ला तहानेनें पडला नाहीं, उत्तरेच्या लाबाड्याच्या बाजूनें तोफा चढवून भिंत फोडल्यानें पडला. लढायांच्या या तारखा आपण पाठ करतों, पण त्याच वर्षीं दख्खनेंत पाऊस बुडाला होता व १८०४ सालापर्यंत दुष्काळ चालला, आणि एवढाल्या फौजा ज्या मुलखांतून गेल्या तेथें दाणा-वैरणीचें काय झालें असेल, याचा विचार कमी होतो. वेलस्लीच्या तोफा ज्या रानवाटांनीं ओढून नेल्या त्या वाटांवरच्या कोरकू पाड्यांचा उल्लेख आमच्या पाहण्यांतल्या कोणत्याहि बखरींत नाहीं.

आतां मुख्य पुरावा. इ. स. १८७१ पासून हिंदुस्थानभरच्या पावसाची जी सलग मालिका उपलब्ध आहे तींत १८७७ व १८९९ हीं सालें अत्यंत कमी पावसाचीं म्हणून ठळकपणें उभीं राहतात. १८९९ म्हणजे शके १८२१. मारवाडी पेढ्यांवर संवत् १९५६ वरून त्या दुष्काळास छप्पनिया म्हणत. १८९६-९७ सालच्या टंचाईंतून लोक पुरते सांवरले नव्हते तोंच हा दुसरा घाला आला. या दशकाच्या दोन टोकांस खानेसुमारी झाली. सबंध वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ सालीं २८,९७,४९१ होती, ती १९०१ सालीं २७,५४,०१६ भरली. म्हणजे शेंकडा पांच घटली. मेळघाट तालुक्याची लोकसंख्या १८९१ सालीं ४६,८४९ होती, ती १९०१ सालीं ३६,६७० भरली. म्हणजे शेंकडा एकवीसहून अधिक घटली.

वाचकांनीं हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. ज्या तालुक्यांत पाऊस दुप्पट, नद्यांचे उगम ज्याच्या पोटांत, तेथें घट चौपटीहून अधिक. ही सगळी घट मृत्यूंची नव्हे. कांहीं कोरकू कुटुंबें नर्मदेकडे, निमाडाकडे वा खालीं सपाटीस उतरून गेलीं असतील व त्यांतलीं कांहीं परतलीं नसतील. पण घर सोडून जाणें हाहि दुष्काळाचाच एक प्रकार आहे. ‘डोंगरांत दुष्काळ नसतो’ हें म्हणणें या आंकड्यांपुढें उभें राहूं शकत नाहीं.

असें कां झालें? एक कारण आकाशाचें. वऱ्हाडास पाऊस येतो तो मुख्यतः बंगालच्या उपसागरांतून उठून मध्यभारतावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या वावटळींच्या योगानें. अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर बरेच रिते होऊन आपल्याकडे येतात. ती वावटळ ज्या वर्षीं आलीच नाहीं त्या वर्षीं डोंगर व सपाटी दोन्ही कोरडीं राहतात. डोंगर ढगाला उचलूं शकतो, निर्माण करूं शकत नाहीं. मेघदूतांतला मेघहि आम्रकूटावर वर्षून हलका होतो व पुढें रेवेचें पाणी पिऊन जड होतो. म्हणजे डोंगर पाणी घेणारा आहे, देणारी नदी आहे, हें कवीला माहीत होतें.

दुसरें कारण जमिनीचें, तें वर सांगितलें. तिसरें कारण राज्यव्यवस्थेचें, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत बलवत्तर. इ. स. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आल्यावर १८६६ पासून मेळघाटचें जंगल राखीव करण्यास सुरुवात झाली. रान जाळून राखेंत कोदो-कुटकी पेरण्याची कोरकूंची जुनी पद्धत बंद पडत गेली. अवर्षणाच्या सालीं जंगलांतला मोह, तेंदू, चारोळी, कंद यांवर माणूस तग धरी. तें जंगल आतां परवानगीचें झालें. त्याच सुमारास पायनघाटांत आगगाडी आली. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपुरापर्यंतची वाट अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून पुरी झाली. १८९९ सालीं अकोल्यास दाणा महाग होता, पण गाडीनें येऊं शकत होता. मजुराच्या हातीं कपाशीचा नाहीं तरी दुष्काळी कामाचा पैसा होता. मेळघाटांत मात्र दाणा बैलाच्या पाठीवरून घाट चढून जावयाचा, आणि जेथें विकत घेण्याची संवयच नव्हती तेथें तो विकत कोण घेणार? आकोट, धूळघाटवरून खांडव्याकडे जाणारी आगगाडीची वाट पूर्ण झाली ती १९६० च्या सुमारास. एका डोंगराच्या दोन अंगांना एकाच वर्षीं एकच अवर्षण पडलें. पण सपाटीला तें बाजारांतून भोगावें लागलें आणि डोंगराला प्रत्यक्ष पोटांतून.

आणखी एक गोष्ट येथेंच नोंदवितों, कारण ती जुन्या समजाच्या अगदीं उलट आहे. मेळघाटांतील बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ सालीं सर्व महाराष्ट्रापुढें आला व पुढें उच्च न्यायालयापर्यंत गेला. ते मृत्यु बहुतांशीं भर पावसाळ्यांत घडतात. जुनें धान्य संपलेलें, नवें आलेलें नाहीं, वाटा बंद, रोगराई सुरू. ज्या महिन्यांत ‘अमित’ पाणी असतें त्याच महिन्यांत डोंगरांत भूक सर्वांत तीव्र असते. पाण्याच्या सुबत्तेवरून माणसाच्या सुबत्तेचें अनुमान करणें किती फसवें आहे याला याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

खानेसुमारीपूर्वींच्या काळाचें काय? येथें झाडें साक्षीस येतात. साग दरवर्षीं एक कडें धरतो. पाऊस चांगला तर कडें रुंद, पाऊस बुडाला तर अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें सागाच्या कड्यांवर पुष्कळ काम केलें असून केरळांतील सागावरून सुमारें पांचशें वर्षांची मालिका बसविली आहे. तिबेटच्या पठारावर, पीत नदीच्या उगमप्रदेशाच्या आसपास चिंघाईंत, थंड कोरड्या उंचीवरील जुनिपर वृक्षांनीं तर हजार वर्षांहून मागची हकीकत दिली आहे, आणि तेथेंहि असें दिसून आलें कीं उगमाचे प्रदेश ओल्या व कोरड्या कालखंडांच्या मोठ्या हेलकाव्यांतून गेले आहेत. उंची ही शाश्वतीची हमी नव्हे. २०१० सालीं अशा तीनशेंहून अधिक वृक्षमालिका एकत्र करून इ. स. १३०० पासूनच्या आशियाच्या मोसमी अवर्षणांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. तो मोठ्या योग्यतेचा आहे. परंतु त्यांत द्वीपकल्पांतलीं झाडें थोडीं. वऱ्हाडच्या माथीं जें अनुमान येतें तें बरेंचसें दूरच्या झाडांवरून काढलेलें. दूरच्या साक्षीदाराचें म्हणणें ऐकावें, पण घरचा साक्षीदार बोलावण्याचें सोडूं नये. कोरकू भाषेंत सिपना म्हणजे साग. ज्या नदीला त्या लोकांनीं सागाचें नांव दिलें तिच्या कांठचा साग तिच्या पावसाची बखर आपल्या अंगांत लिहीत उभा आहे. १९७४ पासून हें रान व्याघ्रप्रकल्पांत असल्यामुळें जुनें झाड सहसा तुटत नाहीं. आणि झाड न तोडतां बारीक पोकळ सुळीनें त्याचा कड्यांचा नमुना काढतां येतो.

उगमाकडच्या अतिवृष्टीचेंहि एक उदाहरण देणें जरूर आहे, नाहींतर चित्र एकांगी होईल. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धेच्या वरच्या अंगास झालेल्या पावसानें नदीला जो लोंढा आला त्यांत वऱ्हाडच्या सीमेपलीकडील मोवाड हें गांव वाहून गेलें. दोनशेंच्या वर माणसें दगावलीं. मुलताईच्या पठाराला पाणी धरून ठेवण्याची शक्ति नाहीं, हें अवर्षणांत जसें दिसतें तसें अतिवृष्टींतहि दिसतें. दोन्हींचें मूळ एकच खडक.

हल्लीं सापन, शहानूर, चंद्रभागा, वाण या सर्व नद्यांवर पायथ्याशीं धरणें झालीं आहेत, आणि पायथ्याच्या थरांतलें मुरलेलें पाणी बागांसाठीं एवढें उपसलें गेलें आहे कीं विहिरी खोल खोल जात आहेत. १० मे २०२५ रोजीं महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांनीं तापीवर बंधारा घालून तिचें पाणी कालव्यांनीं सातपुड्याच्या पायथ्याच्या या थरांत मुरविण्याच्या योजनेचा करार केला. खानखानानाच्या कुंड्यांमागची कल्पनाच ही, केवळ प्रमाण अवाढव्य. योजनेच्या गुणदोषांचा निर्णय अभियंत्यांनीं करावा. इतिहासाच्या बाजूनें एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, वरच्या अंगास किती पाणी ‘सदैव’ मिळेल याचा हिशेब गेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या मोजमापावर न थांबवितां १८९९ सारखें साल त्यांत धरावें, आणि ज्यांच्या डोंगरावरून तें पाणी उतरावयाचें त्यांना मागें काय भोगावें लागलें तेंहि धरावें.

या विषयाचें एक साधन अद्यापि घरोघर पडून आहे. अंजनगांव, सुर्जी, आकोट येथील पानमळेवाल्यांच्या व सावकारांच्या वह्यांत नदीचें पाणी कोणत्या महिन्यांत तुटलें, मोट कोणत्या दिवशीं बंद झाली, नागवेल कोणत्या सालीं जळाली, यांच्या नोंदी असतात. पानाच्या धंद्याला पाण्याचा दिवसाचा हिशेब लागतो. शहानूर व चंद्रभागा या नद्या डोंगरांतून येत असल्यामुळें ती नोंद म्हणजे एका परीनें मेळघाटच्या पावसाचीच नोंद आहे. इ. स. १८०० च्या पुढील अशा वह्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वीं मंडळाकडे नकलेसाठीं पाठवाव्या. विशेषतः शके १७२५ व शके १८२१ या दोन सालांच्या वह्या, मग त्यांत पानाच्या भावापलीकडे कांहीं नसलें तरी चालेल.